फेल्ट बाहेरच्या बाजूला

१

मूर्ती सगळेच बघतात. मूर्ती ज्याच्यावर उभी आहे तो स्टँड कोण बघतो? चित्र बघायला लोक तिकीट काढतात, पण चित्राची फ्रेम, फ्रेमची काच, काचेमागचा पुठ्ठा आणि हे सगळं ज्यातून आलं तो लाकडी क्रेट, ह्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. तरी हा सगळा लवाजमा कुठेतरी ठेवावा लागतो, आणि ठेवला की कुठे ठेवला हे कुणीतरी ध्यानात ठेवावं लागतं. त्या संग्रहालयात हे कुणीतरी म्हणजे ती.

तिला सगळे घोरपड म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. एकदा धरलं की सोडायची नाही म्हणून. काचेचं एक झाकण कुठल्या भांड्याचं, हे शोधायला तिने एकदा कोठारातल्या एकूण एक भांड्यावर ते ठेवून पाहिलं होतं. तळाच्या फळीवरच्या एका ओबडधोबड भांड्यावर ते टक्क करून बसलं, तेव्हा ही बया एकटीच जमिनीवर बसून टाळ्या वाजवत होती. नावाचा तिला राग नव्हता. नाव खरं असेल तर राग कशाला, असं तिचं म्हणणं.

आता संग्रहालय नव्या इमारतीत हलणार होतं. मोठ्या बाईंनी, म्हणजे संग्रहालयाच्या प्रमुखांनी, सगळ्यांना बोलावून सांगितलं, "वस्तू जातील. वस्तूंचा लवाजमाही जाईल. पण कॉम्प्युटरवर तो आपापल्या वस्तूला जोडलेला पाहिजे. ज्याची वस्तू सापडत नाही, ते सरळ भंगारात. नवी इमारत आहे ती, अडगळीची खोली नाही."

बाईंचं काही चुकत नव्हतं. पण घोरपडीने मनातल्या मनात स्टँड मोजायला घेतले, कारण निम्मेअधिक स्टँड तिच्या बाबांनी घडवलेले होते. बाबांनी उभा जन्म ह्याच संग्रहालयात काढला. वस्तू हातात घ्यायचे, चारी बाजूंनी फिरवून बघायचे, आणि मग पितळी सळई तापवून अशी वाकवायचे की वस्तूला आधार मिळावा आणि आधार दिसूही नये. "स्टँड दिसला की समजायचं माझं काम फसलं," असं म्हणायचे. झालंही तसंच. काम फसलं नाही आणि बाबा कुणाला दिसले नाहीत. कॉम्प्युटरमध्ये मूर्ती कुणी घडवली ह्याला रकाना, कुणी भेट दिली ह्याला रकाना, पण स्टँड कुणी केला ह्याला रकानाच नाही.

बाबांची खूण मात्र होती. प्रत्येक स्टँडच्या तळाला कानशीने मारलेली एक तिरपी खाच. ही खाच असलेला एकही तुकडा भंगारात जाऊ द्यायचा नाही, असं घोरपडीने ठरवलं, आणि ठरवलं म्हणजे ठरवलं. खाच दिसली की ती वस्तू शोधून काढायची, जोडायची आणि खाली शेऱ्यात बाबांचं पूर्ण नाव टाकायची. ते वाचणार कोण, ह्याची फिकीर तिला नव्हती.

२

काम जवळजवळ संपत आलं आणि मग नोंदणी खोलीच्याच माळ्यावर, मोडक्या क्रेटांच्या मागे, ती दोन कडी सापडली.

नोंदणी खोली म्हणजे जिथे घोरपड दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसायची ती. फार पूर्वी ह्याच खोलीत बाबांचं वर्कशॉप होतं. म्हणजे कडी इथे सापडावीत ह्यात नवल काही नव्हतं.

खिळेमामांनी ती खाली उतरवली. खिळेमामा हे क्रेट बांधणारे सुतार. ओठांत कायम दोन-चार खिळे धरलेले, आणि बोलायचं तर खिळे तसेच ठेवून बोलायचे. त्यांनी दोन्ही कडी जमिनीवर मांडली. प्रत्येकाला तीन पाय आणि वर जाडजूड पितळी कडं. मोठं बाईमाणसाच्या कमरेच्या वर येणारं, लहान गुडघ्याच्या जरासं वर. कड्याला एका बाजूने बिजागरी, म्हणजे उघडता-मिटता यावं अशी सोय, आणि मिटल्यावर अडकवायला हूक.

"हात्तिच्या!" मामा म्हणाले. "हा तर बाळाचा वॉकर! कुणाचं तरी पोर विसरलं असेल."

"आणि हे मोठं?"

"ते पोराच्या बापाचं," म्हणून मामा स्वतःच्याच विनोदावर एवढे हसले की एक खिळा खाली पडला.

घोरपड हसली नाही. ती वाकून कडं न्याहाळत होती. तळाला खाच होती, बाबांचीच. पण फेल्टचं काहीतरी चुकलं होतं. फेल्ट म्हणजे ते जाड, मऊ, लोकरीचं कापड. पितळेने वस्तूला ओरखडा पडू नये म्हणून लावतात, आणि लावायची रीत एकच. जिथे वस्तू टेकते तिथे लावायचं. कड्यात भांडं बसणार असेल तर कड्याच्या आतून. इथे आतून नुसतं उघडं पितळ होतं. फेल्ट लावलं होतं बाहेरच्या बाजूला, कडेने सबंध गोल, अगदी निगुतीने टाचून.

"बाबा असं करणार नाहीत," ती म्हणाली.

"अगं, एखाद्या दिवशी डोकं ठिकाणावर नसतं माणसाचं."

"त्यांचं असायचं. आणि दोन्हीकडे तीच चूक? हूक बघा ना मामा, तोही आतून लागतो."

मामांनी खांदे उडवले. त्यांना अजून अर्धी इमारत खिळ्यांनी बंद करायची होती.

तिने कड्यांची नोंद करायला घेतली. कॉम्प्युटर अडून बसला. "मूळ वस्तू" हा रकाना भरल्याशिवाय नोंद ठेवता येत नाही, असं लाल अक्षरांत सांगायला लागला. कोठारात एकही वस्तू उरली नव्हती जिला आपला स्टँड नाही. तिचं सगळं परत परत पाहून झालं होतं.

ह्यावर ऑफिसात एक जुनी युक्ती होती. वस्तू सापडत नसेल तर वस्तूचीच एक खोटी नोंद करायची, "अज्ञात वस्तू" म्हणून, आणि लवाजमा तिच्या गळ्यात बांधायचा. पुढे खरी वस्तू सापडली की बदलता येतं. सगळेच करायचे. घोरपडीने आजवर केलं नव्हतं, तिला ती लबाडी वाटायची. पण बाबांची कडी भंगारात जाण्यापेक्षा लबाडी परवडली. तिने लिहिलं: अज्ञात वस्तू. माप: माहीत नाही. "जागा" हा रकाना कॉम्प्युटर आपला आपणच भरायचा, नोंद करणारा ज्या खोलीत बसलाय ती खोली टाकून. एरवी ती तो न चुकता दुरुस्त करायची. ह्या वेळी दुरुस्त काय करणार? वस्तूच नाही तर तिची जागा कुठली? तिने तो तसाच राहू दिला. जागा: नोंदणी खोली.

हिरवी खूण आली. तिने शेऱ्यात बाबांचं नाव टाकलं आणि समाधानाने घरी गेली.

३

दुसऱ्या दिवशी तिने उठायला म्हणून खुर्ची मागे सरकवली तर खुर्ची भिंतीला आपटली.

इतकी वर्षं त्या खुर्चीत बसत होती, कधी आपटली नव्हती. झाडणाऱ्या बाईने टेबल सरकवलं असणार म्हणून तिने टेबल पुढे ढकललं, तर ते समोरच्या कपाटाला लागलं. कमाल आहे, असं पुटपुटत ती खोलीच्या मध्यावर उभी राहिली. सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त कुठेही उभं राहिलं की काहीतरी जवळ असल्यासारखं वाटत होतं.

तिने टेप काढली. खोलीची लांबी-रुंदी दप्तरात होती, ती पडताळून पाहिली. सूतभरही फरक नाही. टेप खोटं बोलत नाही, वाचणारा चुकतो, असं बाबा म्हणायचे. म्हणून तिने पुन्हा मोजलं, चष्मा पुसून मोजलं. खोली होती तेवढीच होती. पण कपाटापासून दारापर्यंत जाताना तिने कोपर अंगाशी घेतलं, आणि ते आपण का घेतलं हे तिला सांगता आलं नसतं.

दुपारी तिचं लक्ष कॅलेंडरकडे गेलं. पंख्याखालच्या भिंतीवरचं ते कॅलेंडर दिवसभर फडफडायचं. त्या फडफडीने तिचं डोकं उठायचं, कितीदा वाटलं होतं उचलून फेकून द्यावं. आज ते गप्प होतं. पंखा तर जोरात चालू होता, त्याची घरघर नेहमीपेक्षा जवळून, जणू कानाशीच येत होती. तिने कॅलेंडरच्या पानाखाली नख घालून ते उचललं. उचलायला जोर लागला. सोडलं तसं ते पुन्हा भिंतीला सपाट बसलं.

तेवढ्यात खिळेमामा आले. दारातून आत येताना ते आडवे झाले, खांदा पुढे, पोट आत, आणि तसेच टेबलापर्यंत सरकत आले.

"मामा, असे खेकड्यासारखे का चालताय?"

"कोण? मी? तुझं आपलं काहीतरीच!" मामा खरोखरच चकित झाले. क्रेटची यादी घेतली आणि तसेच आडवे सरकत बाहेर गेले. त्यांना ठाऊकच नव्हतं.

मग बाई आल्या, त्याही तशाच. चहावाला कप दाराशीच ठेवून गेला. "आत ये की," ती म्हणाली तर म्हणतो, "नको ताई, अडचण होते." खोलीत त्या वेळी ती एकटी होती.

ती काही भूतबीत मानणाऱ्यांतली नव्हती. जुनी इमारत आहे, हवा कोंदट आहे, आपल्या चष्म्याचा नंबर वाढलाय, असं एकेक कारण ती मनाशी मांडत गेली, आणि मांडता मांडता कड्यांपाशी येऊन थांबली. दोन्ही कडी कपाटाशेजारी उभी होती. फेल्टची लव दबून चपटी झाली होती. वस्तू काढून घेतल्यावर तिच्या खाली लव जशी दबलेली दिसते, तशीच. तिने बोटाने उलटी घासून लव उभी केली, कडेने सबंध. चहा संपवून पाहिलं तर पुन्हा चपटी, सगळीकडे सारखी.

तिला भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त राग आला. आपल्या खोलीत, आपल्या नोंदीत, आपल्याला कळत नाही असं काहीतरी आहे, हेच तिला सहन होईना. आज बाबांना विचारायचंच, असं तिने ठरवलं.

४

बाबांचे गुडघे गेले होते. खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे, उठायचं तर तिच्या दंडाचा आधार लागायचा. पण हाताला चैन नसायची. तारेचा एखादा तुकडा घेऊन तो थरथरत्या बोटांनी वाकवत बसायचे, मग सरळ करायचे, परत वाकवायचे.

जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, तुमची दोन कडी सापडली माळ्यावर. तीन पायांची. आणि चक्क चूक केलीत तुम्ही! फेल्ट बाहेरून लावलंय."

तार वाकवायची थांबली.

"चूक नाही ती," बाबा म्हणाले. मग तार खाली ठेवून, "लहान कडं धड आहे ना? वाकलंबिकलं नाही ना?"

"ठणठणीत आहे. पण वस्तू कुठली होती?"

"मी नाही पाहिली."

"वस्तू न पाहता स्टँड? तुम्ही?"

"तिचं माप नाही घेतलं मी." बाबांचा आवाज खाली गेला. "ती खोलीत आली की आपल्याला उभं राहायला केवढी जागा उरते, तेवढंच मोजलं."

बाबा खिडकीकडे बघत बोलत राहिले. "तुझी आई गेली, तेव्हा तुला घरी कुणाच्या भरवशावर ठेवणार? घेऊन जायचो कामावर. दिवसभर चिवचिवाट नुसता. मग ती वस्तू खोलीत यायची तेव्हा आपण पुतळा पुतळा खेळायचो. हलशील तर हरशील."

आणि तिला आठवलं. सगळं नाही, एवढंच की छातीशी गार पितळ, समोर बाबा, त्यांच्याही कमरेला तसंच कडं, आणि दोघांनी एकमेकांकडे बघत गप्प उभं राहायचं. तिला हसू फुटायचं. बाबा हसायचे नाहीत, त्यांच्या कपाळावर घाम असायचा. हा खेळ त्यांना इतका अवघड का जातो, असं तिला वाटायचं.

"नोंद केलीस का तिची?" बाबांनी विचारलं.

"करावी लागली. अज्ञात वस्तू म्हणून. नाहीतर कडी ठेवता येईनात."

"आणि जागा?"

"जागा लिहावीच लागते, बाबा. आपलीच खोली टाकली."

बाबांनी डोळे मिटून घेतले. "आम्ही जुन्या माणसांनी ती मुद्दामच कधी लिहिली नव्हती," ते म्हणाले. "असो. झालं ते झालं. आता तिथेच असू दे. तिला हलवू नकोस. आणि कडी टाकू नका, काय वाटेल ते झालं तरी टाकू नका."

"ती म्हणजे कोण, बाबा? काय आहे ते?"

"झोप आता," बाबा म्हणाले आणि पुढे काही बोलले नाहीत. तिने त्यांना उठवून पलंगावर नेलं. म्हातारपण आहे, जुन्या गोष्टी एकमेकींत मिसळतात, असं तिने स्वतःला बजावलं. त्यातली एक गोष्ट मात्र तिने पदरात घट्ट बांधून घेतली, ती म्हणजे कडी टाकायची नाहीत.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या बाईंनी तिची यादी हातात घेतली आणि नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं.

"अज्ञात वस्तू? ही काय भानगड?"

तिने खरं ते सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. मनाने वाईट नव्हत्या त्या. "तुझ्या बाबांचं काम मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण उद्या तपासणीत विचारतील, वस्तू दाखवा, तर काय दाखवायचं? संध्याकाळपर्यंत सगळे कॉम्प्युटर उतरवायचेत, नव्या इमारतीत ते जोडायला बरेच दिवस लागतील. भंगाराची गाडी खाली उभी आहे. पाठवून दे कडी."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"भंगारच ना बाई? मग मला द्या. मी घरी नेते. बाबांपाशी राहतील."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि हात टेकले. "तू ऐकणार आहेस का कुणाचं? ने बाई, ने एकदाची. फाटकावर दाखवायला चिठ्ठी देते. आणि ती खोटी नोंदही आवर." एवढं बोलून बाई आडव्या होऊन दारातून बाहेर पडल्या.

आता कुणी दुसरं असतं तर कडी उचलून चालायला लागलं असतं. पण घोरपडीचा नेम होता, बाबांनीच घालून दिलेला. आधी नोंद, मग वस्तू. नोंद न बदलता टाचणीसुद्धा ह्या फळीवरून त्या फळीवर न्यायची नाही. तिने कड्यांची नोंद उघडली. नवी जागा लिहिली, स्वतःच्या घराचा पत्ता. कॉम्प्युटरने एक चौकोन पुढे केला. मूळ वस्तूही सोबत हलवायची?

हा चौकोन दर वेळी यायचा आणि दर वेळी उत्तर हो असायचं, कारण मूर्ती सोडून स्टँड एकटा कुठे जातो? बोटाला सवय होती. तिने वाचलंही नाही.

हिरवी खूण आली, आणि तिच्या पाठीमागे कॅलेंडर फडफडलं.

तिने वळून पाहिलं. पानं नेहमीसारखी उडत होती. पंख्याचा आवाज वर छताशी गेला होता. तिने मोठा श्वास घेतला आणि तो पुरता आत गेला, तेव्हा तिच्या लक्षात आलं की इतका वेळ आपण अर्धाच श्वास घेत होतो. तेवढ्यात खिळेमामा दोन्ही हात हलवत, शीळ घालत सरळ आत आले.

"मामा, आज नीट चालताय!"

"मी नेहमीच नीट चालतो. चल, कुठे आहेत ते वॉकर?"

दोघांनी मिळून कडी खाली नेली आणि टॅक्सीत मागच्या सीटवर आडवी घातली. ती पुढे बसली. दोन दिवसांनी तिला हलकं वाटत होतं. कडी बघून बाबा काय म्हणतील ह्याचा विचार करत ती दोन चौक पार होईपर्यंत स्वतःशीच हसत होती.

तिसऱ्या चौकात सिग्नलला टॅक्सी थांबली, आणि तिच्या मनात आलं, कॅलेंडर का फडफडलं?

मग तिला तो चौकोन आठवला, आणि आपण कुठला पत्ता टाकला तेही.

तिने आधी खिळेमामांना फोन लावला. "मामा, माझा कॉम्प्युटर चालू आहे का? एक नोंद बदलायची आहे, फक्त एक!"

"अगं, तू गेलीस आणि काढला की! क्रेटमध्ये घातला, वरून खिळेसुद्धा ठोकले. आता थेट नव्या इमारतीत."

"बाईंना सांगा—"

"बाई पहिल्या गाडीने गेल्यासुद्धा. काय झालं गं?"

तिने फोन ठेवला आणि घरी लावला. फोन बाबांच्या हाताशी असायचा, एरवी लगेच उचलायचे. आज कितीतरी वेळ वाजत राहिला. मग बाबांचा आवाज आला, इतका जवळून की त्यांचे ओठ फोनला चिकटले असावेत.

"कडी आणतेस ना?"

"आणते, बाबा. आलेच. मी काय करून बसले, आणि आता कॉम्प्युटर तिकडे जोडेपर्यंत नोंद—"

"आण. दारातून आत सरकव. तू येऊ नकोस."

६

दोन्ही खांद्यांवर दोन कडी घेऊन ती जिना चढली. दाराला किल्ली लावली, दार ढकललं, आणि आत पाऊल टाकताना ती आडवी झाली. खांदा पुढे, पोट आत. तिने ठरवून केलं नाही, अंगानेच केलं.

उन्हं अजून खिडकीत होती. पडदा गजांना सपाट चिकटला होता, गजांचे उभे वळ त्यातून दिसत होते. टेबलावरचा पेपर टेबलाला चिकटला होता. खुर्ची रिकामी होती.

बाबा खोलीच्या मधोमध उभे होते. ज्या गुडघ्यांवर ते कित्येक महिन्यांत एकटे उभे राहिले नव्हते, त्याच गुडघ्यांवर, काठी नाही, भिंत नाही, कशालाही न धरता. सदरा बरगड्यांना असा बसला होता की बरगड्या मोजता याव्यात. गालाचं मांस एका बाजूने दबलं होतं. ते उभे होते, कारण त्यांना पडायला जागा नव्हती.

"म्हटलं ना, येऊ नकोस," ते म्हणाले. ओठ जेमतेम हलले.

"आले आहे आता. हळू बोला."

"मोठं तुझ्यापुरतं आहे. आत शीर, हूक लाव."

"आणि तुम्ही?"

"लहान ठेव माझ्यापाशी."

"त्यात तुमचं एक पाऊल मावेल, बाबा!" तिला रडू येत होतं आणि संतापही. "तोंड मिटा जरा."

लहान कडं दाराशीच ठेवून ती मोठं पुढे ढकलत गेली. जिथे कडं पोचायचं तेवढीच जागा व्हायची, आणि तिच्या मागे लगेच मिटायची. पाठीवरची ओढणी पाठीला चिकटली, मग केस मानेला. काही दिसत नव्हतं. काही दिसण्याजोगं होतं असंही नाही. फक्त खोलीतली उरलेली सगळी जागा वापरात होती. ती बाबांपाशी पोचली, बिजागरी उघडली आणि त्यांच्या कमरेला हात घातला.

"हे एकाचंच आहे, पोरी. मोजून केलंय."

"तेव्हा तुमचं पोट होतं, बाबा. आता काय उरलंय तुमचं? आत या."

तिने त्यांना ओढलं. ते येईनात, चिखलात रुतलेला पाय काढावा तसे इंचाइंचाने आले. तिने त्यांची पावलं आपल्या पावलांवर घेतली, छातीला छाती लावली आणि त्यांच्या पाठीमागून चाचपत कडं मिटून आतला हूक अडकवला. कट्ट आवाज झाला. तेवढ्यात सदरा बरगड्यांवरून सैल झाला, बाबांनी पुरता श्वास घेतला, आणि त्याच क्षणी त्यांचे गुडघे वाकले.

बाहेर त्यांना पडायला जागा नव्हती. आत होती.

तिने दोन्ही हातांनी त्यांना उचलून धरलं. म्हातारा हाडकुळा झाला असला तरी माणसाचं ओझं ते, हातांना लगेच कळ लागली. मान वळवली तेव्हा तिला दाराशी राहिलेलं लहान कडं दिसलं. आत कुणी नव्हतं त्याच्या. फेल्ट भोवताली दबलं होतं, तीन पाय जमिनीवर जरा जरा थरथरत होते, आणि कड्याच्या आतल्या एवढ्याशा मोकळ्या जागेत उन्हातली धूळ निवांत तरंगत होती. सबंध खोलीत धूळ हलत होती ती फक्त तिथे. मग पितळ कुरकुरलं. गोल कडं एका बाजूने हळूच चेपायला लागलं, रिकामं आहे हे कुणीतरी ओळखल्यासारखं.

तिने नजर काढून घेतली. तिच्या पाठीमागे फेल्टवरून काहीतरी सावकाश, सबंध गोल, टेकत गेलं.

"किती दिवस लागतील कॉम्प्युटर जोडायला?" बाबांनी कानाशी विचारलं.

"लागतील थोडे."

"नाही जमायचं तुला. सोड मला. माझं झालंय सगळं."

"बाबा, मला ऑफिसात काय म्हणतात माहीत आहे ना तुम्हाला?"

बाबांचा गाल तिच्या गालाला लागला होता आणि तो ओला होता. मग ते अगदी हळू, ती लहान असताना म्हणायचे तसं, म्हणाले, "हलशील तर हरशील."

तिने त्यांच्या पाठीमागे एका हाताचं मनगट दुसऱ्या हाताने पकडलं आणि हलली नाही.